सोलापूरच्या माळावरची रानफुले: घराजवळ आणि बांधावर ती कशी वाढवावीत

सोलापूर शहरात किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ज्यांच्याकडे थोडेसे अंगण, उन्हाची गच्ची, सोसायटीच्या कुंपणालगतची रिकामी पट्टी किंवा शेताचा बांध आहे, आणि ज्यांना तेथे आपल्याच मातीतली रानफुले वाढवून फुलपाखरे, मधमाश्या व पक्षी यांना आधार द्यावासा वाटतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वनस्पतिशास्त्राचा कोणताही पूर्वाभ्यास येथे गृहीत धरलेला नाही. खर्चही नगण्य आहे, कारण यातल्या बहुतेक वनस्पतींचे बी रस्त्याकडेला मिळते आणि त्यांना खत लागत नाही. लागते ती थोडी सवड, आणि हिरवे काही उगवले की ते उपटून जागा ‘स्वच्छ’ करण्याची जी आपली सवय आहे तिला आवर घालण्याची तयारी.

रानफुलांच्या आधाराने कोण जगते

सुरुवात रुईपासून करावी, कारण ती ओळखीची आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात ती ही रुई रस्त्याकडेला, पडक्या भिंतीशी, रेल्वेमार्गालगत कोठेही उगवते. तिच्या विषारी चिकामुळे गुरे-शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत. पण नारिंगी पंखांचे आणि काळ्या किनारीवर पांढरे ठिपके असलेले ‘बिबळ्या कडवा’ हे फुलपाखरू नेमके तिच्याच पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी तो चीक पचवते, त्यातले विष अंगात साठवते, आणि त्यामुळे पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी त्याला तोंड लावत नाहीत. गोष्ट येथेच थांबत नाही. ‘छोटा चांदवा’ नावाच्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. तिच्या अंगात विष नसते, परंतु त्या सोंगामुळे तीही पक्ष्यांपासून बचावते. या चांदव्याची अळी घोळीवर वाढते, म्हणजे मंडईत जुडी करून विकल्या जाणाऱ्या त्याच आंबटसर घोळीच्या भाजीवर. रुई उपटली की कडवा जातो, कडवा गेला की चांदव्याचे सोंग निरुपयोगी ठरते, आणि घोळ उपटली की सोंग घेणाराच उरत नाही. आपण ज्यांना तण म्हणतो अशा दोन वनस्पतींवर एवढा व्यवहार अवलंबून आहे.

फुलपाखरांविषयी एक गोष्ट नवख्या माणसाने पक्की ध्यानात ठेवावी. मोठे झालेले फुलपाखरू मधुरसासाठी अनेक प्रकारच्या फुलांवर जाते. झेंडूवर जाते, कुंडीतल्या विदेशी फुलांवरही जाते. त्याची अळी मात्र बहुधा ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते. त्यामुळे केवळ शोभेच्या फुलांनी भरलेल्या बागेत फुलपाखरे येताना दिसतात, पण तेथे त्यांची पुढची पिढी वाढत नाही. तरवड आणि टाकळा यांच्या पानांवर ‘भटक्या’ नावाच्या पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला जिच्या फळांची भाजी आपल्याकडे आवर्जून केली जाते, त्या वाघाटीच्या वेलावरही पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या काही जाती अवलंबून असतात.

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आठवते. सोलापूरच्या परिसरात आग्या आणि फुलोरी या पोळे करणाऱ्या माश्या आहेतच, पण जगातल्या सुमारे २०,००० मधमाशी-जातींपैकी बहुसंख्य जाती पोळे करत नाहीत. त्या एकेकट्या राहतात आणि जमिनीत, वाळक्या काडीच्या पोकळीत किंवा लाकडात घर करतात. निळसर-काळा मोठा भुंगा हा त्यांपैकीच एक. तरवडाच्या पिवळ्या फुलात मधुरस नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. भुंगा फुलाला घट्ट धरून अंगाचे स्नायू थरथरवतो, तेव्हा तो पराग झडतो. तरवडाजवळ दोन मिनिटे शांत उभे राहिल्यास या थरथरीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. भुईरिंगणीच्या जांभळ्या फुलातली व्यवस्थाही अशीच आहे, आणि वांगी व टोमॅटो यांची फुले त्याच पद्धतीची असल्यामुळे या भुंग्यांचा उपयोग परसातल्या भाज्यांनाही होतो.

पक्ष्यांचा संबंध थोडा आडून येतो, पण तो महत्त्वाचा आहे. दाणे खाणारे कितीतरी लहान पक्षी आपल्या पिलांना मात्र मऊ अळ्या आणि किडेच भरवतात. पावसाळ्यात चंडोळ, चिमणी, सुगरण यांची पिले वाढत असतात तेव्हा त्यांना जे खाद्य लागते ते रानफुलांच्या आणि गवताच्या पानांवरच तयार होते. नान्नजच्या ज्या माळरानासाठी १९७९ साली माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले, तेथील माळढोकाच्या आहारातही नाकतोडे, भुंगेरे आणि रानबोरे असत. हिवाळ्यात कुर्डूच्या, गवताच्या वाळलेल्या कणसांवर मुनियांचे थवे उतरतात. म्हणजे पान अळीला, फूल माशीला, बी पक्ष्याला आणि वाळकी काडी पुन्हा एखाद्या माशीच्या घराला, अशी वाटणी वर्षभर चालू असते. ती पूर्ण होऊ द्यायची असेल तर झाडाचे वर्ष पूर्ण होऊ द्यावे लागते. पुढच्या सर्व सूचनांचा रोख तोच आहे.

आधी एक पावसाळा पाहण्यात घालवावा

लगेच खुरपे हाती घेऊ नये. आपल्या भागात काय उगवते हे पाहिल्याशिवाय केलेली लागवड बहुधा नर्सरीत जे मिळते तेवढ्यावरच थांबते, आणि आपल्या माळाची फुले नर्सरीत फारशी मिळत नाहीत. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या आसपास पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो. सह्याद्रीतल्या कासच्या पठारावरची फुले पाहून आलेल्यांनी तशीच फुले येथे उगवण्याची अपेक्षा ठेवू नये. येथली फुले बेसाल्टच्या मुरमाड आणि काळ्या मातीची, उन्हाची आणि बेभरवशाच्या पावसाची आहेत, आणि तेच त्यांचे बळ आहे.

केगावकडचा मोकळा परिसर, हिप्परगा तलावाकाठची उताराची जमीन, अक्कलकोट किंवा बार्शी रस्त्यालगतची गायराने, जुन्या मंदिरांचे आवार, अगदी आपल्या घरामागचा न बांधलेला प्लॉट, यांपैकी सोयीची एकच जागा निवडावी आणि जूनपासून जानेवारीपर्यंत साधारण पंधरा दिवसांनी तेथे जावे. मोबाइलवर प्रत्येक वनस्पतीची चार छायाचित्रे घ्यावीत: संपूर्ण झाड, पानाची दोन्ही बाजू, फूल समोरून आणि शेंग किंवा फळ. ओळख पटवण्यासाठी ‘आयनॅचरलिस्ट’ या अॅपवर किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर छायाचित्रे टाकता येतात. अॅप सुचवते ते नाव लगेच प्रमाण मानू नये. ते इतर अभ्यासकांनी दुजोरा दिल्यावर, किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवूनच नक्की करावे. गावातल्या गुराख्यांना आणि शेतात खुरपणीला जाणाऱ्या बायकांना जरूर विचारावे. वनस्पती कोवळी असताना, फुलाआधीच तिला ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

सर्वसाधारण क्रम असा दिसेल. पहिल्या पावसानंतर सराट्याची पिवळी फुले आणि शंखपुष्पीची जमिनीलगतची निळी ठिपक्यांसारखी फुले येतात. जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या फुलांचा केना, चिकणा, मुद्रा आणि घोळ असते. सप्टेंबरपासून खरा बहर सुरू होतो. तेव्हा तरवड, तुंबा, कुर्डू, खुळखुळा, टाकळा यांनी माळ भरून जातो. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू भाषक कुटुंबे याच सुमारास बतुकम्मा मांडतात, आणि त्या फुलांच्या रचनेत तरवड व कुर्डू यांना मान असतो. त्या घरातल्या आजींना ही दोन्ही फुले ‘तंगेडु’ आणि ‘गुनुगु’ या नावांनी पक्की माहीत असतात. पाऊस सरल्यावर उटकटाऱ्याचे निळसर-पांढरे काटेरी गोल गेंद आणि कोरांटीची पिवळी फुले दिसू लागतात. कडक उन्हाळ्यात, जेव्हा बाकी सगळे करपलेले असते, तेव्हा रुई, भुईरिंगणी आणि नेपती फुललेल्या असतात, आणि त्या काळात मधमाशीला दुसरे फारसे काही नसते.

याच काळात उपऱ्या वनस्पतीही ओळखायला शिकावे. गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात, ते मूळचे अमेरिका खंडातले. भारतात ते १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि आज ते न दिसणारे गाव सापडत नाही. घाणेरी, पिवळा धोत्रा आणि एकदांडी याही बाहेरून आलेल्याच. एकदांडीवर फुलपाखरे खूप बसतात, म्हणून तिचा वेचून नायनाट करण्याची गरज मला वाटत नाही, पण मुद्दाम लावूही नये. अलीकडे रस्त्यांच्या दुभाजकांत आणि टेकड्यांवर दिसणारे नारिंगी-पिवळे कॉसमॉस मात्र मेक्सिकोकडचे आहे आणि ते स्वतःच पसरत जाते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘रानफुलांच्या मिश्र बियांच्या’ पाकिटात बहुधा हेच कॉसमॉस, झिनिया आणि तत्सम बी असते. ते पाकीट घेऊ नये, आणि घेतले असेल तर निदान माळावर उधळू नये.

जागा आणि माती

दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा निवडावी. झाडाखालची सावली माळाच्या फुलांना मानवत नाही. जागा मोठी असण्याची गरज नाही. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब पट्टीतही वर्षभर काही ना काही फुललेले ठेवता येते.

मातीबाबत नवख्यांचा सर्वात मोठा गैरसमज असा असतो की चांगल्या बागेला चांगली, खतावलेली माती लागते. रानफुलांच्या बाबतीत हे उलटे आहे. सुपीक, ओलसर मातीत गाजरगवत आणि जोमदार तणे आधी वाढतात आणि शंखपुष्पीसारख्या बुटक्या वनस्पतींना झाकून टाकतात. म्हणून शेणखत, युरिया, गांडूळखत यांपैकी काहीही घालू नये. काळी चिकण माती असेल तर वरच्या वितीत निम्मा मुरूम मिसळावा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि उन्हाळ्यात भेगा कमी पडतील. बाहेरून लाल मातीची ट्रॉली मागवू नये, कारण तिच्याबरोबर परक्या तणांचे बी येते.

गच्चीवर किंवा बाल्कनीत करायचे असेल तर किमान बारा इंच खोल आणि तळाला मोठी छिद्रे असलेल्या कुंड्या घ्याव्यात, त्यात निम्मी माती व निम्मा मुरूम भरावा, आणि उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, म्हणजे बाजूने तापणार नाहीत. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे गुलाब आणि हिरवळ जगवण्यापेक्षा ही फुले जगवणे किती सोपे जाते, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळते.

पहिल्या वर्षी काय लावावे

मोजक्याच वनस्पतींनी सुरुवात करावी. माझी शिफारस तरवड, कोरांटी, तुंबा, शंखपुष्पी आणि घोळ यांची आहे; जागा कुंपणालगत असेल तर त्यात रुई आणि उटकटारा, आणि वेल चढवण्याची सोय असेल तर वाघाटी. तरवडाला मी पहिले स्थान देतो. ते झुडूप पाण्यावाचून तग धरते, जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, ते वर्षातला बराच काळ फुललेले असते, आणि माणसाच्या उंचीपर्यंत वाढून दाट कुंपणही होते. पूर्वी चामडे कमावण्यासाठी त्याची साल वापरत. आता त्या कामासाठी त्याला कोणी विचारत नाही, म्हणून ते रस्ता रुंदीकरणात सर्रास जाते.

खुळखुळा शेतकऱ्यांच्या आणि फुलपाखरांच्या दोघांच्याही कामाचा आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र साठते, त्याच्या शेंगांवर लहान निळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि बिबळ्या कडव्याचे नर त्यातली काही द्रव्ये शोषण्यासाठी त्याच्या वाळलेल्या फांद्यांवर गोळा होतात. पण तीच द्रव्ये गुरांना अपायकारक असतात, म्हणून जेथे शेळ्या-गाई चरतात तेथे तो लावू नये. रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. तिची छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत. कळलावीचे ज्वालांसारखे लाल-पिवळे फूल अनेकांना मोहात पाडते, पण तिचा कंद आणि बी अत्यंत विषारी असतात. लहान मुले असलेल्या घरात ती नकोच.

बी कसे आणि कोठून आणावे

माळावरून रोप उपटून आणू नये. रानफुलांची मुळे खोल असतात, उपटलेले रोप बहुधा मरते, आणि माळावरची जागा मात्र रिकामी होते. बीच गोळा करावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्याचा हंगाम. शेंग तपकिरी होऊन वाजू लागली किंवा फळाचा देठ वाळला की बी तयार झाले असे समजावे. हिरव्या शेंगेतले बी उगवत नाही. एकाच झाडाचे सगळे बी घेण्यापेक्षा अनेक झाडांवरचे थोडे थोडे घ्यावे. दहा शेंगांतली एखादी घेतली तर पक्ष्यांना आणि पुढच्या पावसाळ्याला पुरेसे उरते. नान्नजच्या अभयारण्यात मात्र एक शेंगही तोडू नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीवाचून अभयारण्यातली वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर हव्या तेवढ्या शेंगा मिळतात. खासगी जागेत विचारून जावे.

आणलेले बी आठवडाभर सावलीत कागदावर पसरून वाळवावे. मग कागदी पाकिटात भरून त्यावर वनस्पतीचे नाव, जागा आणि महिना लिहावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली की बी बुरसते. पाकिटे डब्यात घालून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावीत आणि सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकावा, म्हणजे कीड लागत नाही.

पेरणी

पेरणीचे दोन मुहूर्त आहेत. पहिला मे महिन्याच्या अखेरीस ते मृग नक्षत्र लागेपर्यंत, कोरड्यातच. दुसरा ऑगस्टच्या अखेरीस, परतीच्या मोठ्या पावसाच्या आधी. सोलापुरात जूनचा पाऊस हुलकावणी देतो हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून अर्धे बी पहिल्या खेपेला आणि अर्धे दुसऱ्या खेपेला पेरावे. एवढी एक दक्षता घेतली तर सगळे बी वाया जाण्याची वेळ येत नाही.

तरवडाच्या बियांचे कवच कठीण असते. बी सँडपेपरवर हलके घासावे, किंवा उकळी आलेले पाणी आचेवरून उतरवून थोडे निवल्यावर त्यात बी टाकावे आणि रात्रभर तसेच ठेवून सकाळी फुगलेले बी निवडून पेरावे. खुळखुळ्याचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवले तरी चालते. तरवडाचे सोटमूळ लवकर खोल जाते, त्यामुळे कायमच्या जागीच दोन-तीन बिया टोकाव्यात आणि नंतर एक जोमदार रोप ठेवावे. तुंबा, शंखपुष्पी आणि घोळ यांचे बी अगदी बारीक असते. ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून जमिनीवर विखरावे, हाताने हलके दाबावे, पण मातीने झाकू नये. कोरांटीला बियांची वाट पाहण्याची गरज नाही. पावसाळ्यात बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी ओल्या मातीत खोचली की ती मुळे धरते. घोळीचेही तसेच, भाजी निवडताना जाड देठ बाजूला काढून कुंडीत खोचावेत.

पट्टीतला हातभर रुंदीचा एक तुकडा काहीही न पेरता उघडा ठेवावा, तोही खणू नये. जमिनीत घर करणाऱ्या माश्यांना अशी उन्हाची, घट्ट, मोकळी माती लागते. तेथे पेन्सिलीच्या टोकाएवढी भोके दिसली की ती मुंग्यांची समजून पावडर टाकू नये.

निगा

पहिले दोन महिने पाऊस ओढला तर आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. रोपे हातभर झाल्यावर जमिनीतल्या झाडांना पाणी देणे थांबवावे. कुंड्यांना उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी पुरते.

खुरपणी मात्र डोळसपणे करावी. गाजरगवत फुलण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे, आणि तेही हातमोजे घालून व नाकाला रुमाल बांधून, कारण त्याने त्वचेला खाज सुटते आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांना ते विशेष बाधते. आपल्याकडे १९८० च्या दशकात त्याच्या नियंत्रणासाठी आणलेले मेक्सिकन भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने खाताना दिसतात. ते दिसल्यास त्यांना मारू नये. जे रोप ओळखता येत नाही ते फूल येईपर्यंत राहू द्यावे. अनोळखी हिरवे म्हणजे तण असे समजून उपटलेल्या रोपांत बहुधा शंखपुष्पीच जाते.

पानांना भोके पडू लागली, तरवडाची एखादी फांदी अळ्यांनी निष्पर्ण केली, की नव्या माळ्याचा धीर सुटतो आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो. त्या अळ्यांसाठीच ही झाडे लावली आहेत, हे घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. रानातल्या झाडाला पाने गमावण्याची सवय असते आणि पुढच्या पावसात ते पुन्हा फुटते. शेजारच्या गुलाबाच्या पानांतून कोणी नाण्यासारखे गोल तुकडे कापून नेले असतील तर तेही पान कापणाऱ्या माशीचे काम आहे; ती ते तुकडे आपल्या घरट्याला अस्तर म्हणून लावते. गुलाबाला त्याने काही होत नाही. कीटकनाशक तर नकोच, पण निंबोळी अर्कही या पट्टीवर मारू नये, कारण अळ्यांच्या दृष्टीने तोही अपायकारकच असतो.

कधी कापावे

या कामात सर्वाधिक हानी कोणत्या एका गोष्टीने होत असेल तर ती चुकीच्या वेळी केलेल्या कापणीने. गणपती-दसऱ्याच्या आधी सोसायट्यांमध्ये, शाळांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला साफसफाईची मोहीम निघते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत फुले पूर्ण बहरात किंवा शेंगा भरत असतात. तेव्हा कापले तर पुढच्या वर्षीचे बीच पडत नाही, आणि अशी चार वर्षे गेली की त्या जागेवर फक्त गाजरगवत उरते, कारण ते कोणत्याही महिन्यात फुलून बी टाकते. कापणी संक्रांतीनंतर, जानेवारीच्या उत्तरार्धात करावी. तीही एका वेळी निम्म्याच भागाची आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे खुंटांच्या पोकळीत राहणाऱ्या माश्या आणि काड्यांना चिकटलेले कोष वाचतात. कापलेल्या काड्या जाळू नयेत. कोपऱ्यात त्यांचा ढीग करून ठेवावा. तरवड, कोरांटी आणि रुई या झुडपांना या कापणीतून वगळावे आणि वाटेत आलेल्या फांद्याच छाटाव्यात.

हरतालिका, मंगळागौर आणि गणेश चतुर्थीसाठी लागणारी पत्री याच पट्टीतून घेता येते. आघाडा, दूर्वा आणि तुळस तेथे सहज वाढतात. घरातल्या पूजेपुरतीच तोडावी, म्हणजे बाजारात विक्रीसाठी माळावरून ओरबाडून आणलेल्या पत्रीचा भार तेवढा तरी कमी होईल.

शेजारी, सोसायटी आणि सापांची भीती

उंच वाढलेले गवत आणि झुडपे पाहून शेजाऱ्यांची पहिली तक्रार साप आणि डासांची असते, आणि ती उडवून लावू नये. डास साचलेल्या पाण्यात होतात, फुलांत नाही, हे समजावून सांगता येते. पण सापाच्या भीतीवर उपाय करूनच दाखवावा लागतो. दारापासून, पायवाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून ही पट्टी दहा-बारा फूट दूर ठेवावी, तिच्या कडेची फूट-दीड फूट जागा नेहमी नीट कापलेली ठेवावी, आणि जवळ विटा-फरशांचे ढीग व खरकटे साठू देऊ नये, कारण उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो. कड नीट राखली की आतला रानटीपणा मुद्दाम ठेवलेला आहे हे लोकांना दिसते. सोसायटीच्या सभेत आधी परवानगी घ्यावी, मराठीत एक छोटी पाटी लावावी, त्यावर फुलांची नावे आणि ‘जानेवारीपर्यंत कापू नये’ एवढे लिहावे. सफाईचे काम करणाऱ्या दादांना आणि मावशींना प्रत्यक्ष भेटून सांगावे. शेवटी विळा त्यांच्याच हातात असतो.

बांधावरची फुले

शेतकऱ्यांसाठी हा विषय हौसेपलीकडचा आहे. ज्वारीला परागीकरणासाठी मधमाशी लागत नाही, पण सूर्यफूल, करडई, तूर, डाळिंब आणि कांद्याचे बीजोत्पादन यांना माश्यांच्या फेऱ्यांचा स्पष्ट फायदा होतो. डाळिंबाचा बहार काही आठवड्यांचा असतो. उरलेल्या वर्षात त्या माश्या कशावर जगणार, याचे उत्तर बांधावरच्या तरवडात, तुंब्यात आणि बोराटीत आहे. शिवाय मावा आणि पिठ्या ढेकूण खाणारे ढालकिडे व क्रायसोपा (जाळीदार पंखांचा एक लहान कीटक) यांना, आणि किडींच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांना, मधल्या काळात याच फुलांचा मधुरस मिळतो.

बांध एप्रिल-मेमध्ये पेटवून देण्याची पद्धत सोडावी. त्या आगीत जमिनीवरचे कोष आणि काड्यांतल्या अळ्या जळतात, आणि पावसाळ्यात उगवणारे बीही. बांधावर तणनाशक फवारू नये. पिकावर औषध मारावेच लागले तर फुलोऱ्याचा काळ टाळावा, आणि ते शक्य नसेल तर सूर्यास्तानंतर, वारा पडल्यावर फवारावे, कारण तेव्हा बहुतेक माश्या फुलांवर नसतात. एक सावधगिरी मात्र येथे घ्यावी लागते: भेंडीच्या प्लॉटशेजारच्या बांधावर चिकणा आणि मुद्रा वाढू देऊ नये. भेंडीवर विषाणूचा रोग पसरवणारी पांढरी माशी या वनस्पतींवरही राहते. तेथे तरवड आणि कोरांटीच ठेवावी.

माळरानावर काय करू नये

घरची पट्टी जमली की उत्साहाने माळाकडे वळावेसे वाटते, आणि नेमके तेथेच हात आखडता घ्यावा. सोलापूरचा माळ ही उजाड किंवा पडीक जमीन नाही. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते आणि त्यांच्यामधली ही फुले मिळून तो बनलेला आहे. काळवीट, लांडगा, खोकड, तसेच धाविक आणि चंडोळ या पक्ष्यांना हीच मोकळी, बिनझाडांची जागा लागते. वनीकरणाच्या नावाखाली पूर्वी या माळांवर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ यांची मोठी लागवड झाली, आणि त्या सावलीत गवत व फुले दोन्ही मागे हटली. म्हणून माळावर बियांचे गोळे फेकू नयेत, खड्डे घेऊन रोपे लावू नयेत, आणि घरी वाढवलेल्या रानफुलांचे बीही तेथे नेऊन टाकू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुले पाहायला जाताना रुळलेल्या वाटेनेच चालावे, गाडी गवतात घालू नये, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी कुत्री सोबत नेऊ नयेत.

गावात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरत असेल तर त्याला विरोध करण्यापेक्षा जागा बदलून मागावी. रस्त्याच्या कडा, शाळेचे आवार, विहिरीचा काठ, स्मशानभूमी आणि एसटीचा थांबा येथे सावली हवीच असते. तेथे कडुलिंब, हिवर, बोर, बहावा अशी आपल्या हवेत टिकणारी झाडे सुचवावीत. आणि ग्रामसभेत गायरानाचा विषय निघालाच, तर तेथे पावसाळाभर चराई थांबवून दिवाळीनंतर गवत कापून न्यावे असे सुचवावे. तेवढ्याने गावाला चारा मिळतो आणि फुलांचे बी जमिनीवर पडून गेलेले असते.